डबीतली कवळी

नवऱ्याच्या घशात बुरशी झाली आहे, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला चक्क हसू आलं. बुरशी पावाला येते, कपाटात विसरलेल्या चामड्याच्या पट्ट्याला येते. माणसाला कशी येईल? पण डॉक्टरांनी माझ्याकडे असं काही पाहिलं की ते हसू मी गिळून टाकलं.

या किडनीच्या डॉक्टर. वयाने माझ्या भाचीएवढ्या, पण बोलायला लागल्या की आपोआप पाय जुळवून बसावंसं वाटतं.

"बुरशी सगळ्यांच्याच तोंडात थोडीफार असते," त्या म्हणाल्या. "तुमच्या आहे, माझ्या आहे. अंगातले पहारेकरी तिला डोकं वर काढू देत नाहीत. यांच्या पहारेकऱ्यांना आपण मुद्दाम गोळ्या देऊन झोपवलंय, नाहीतर ते परक्या किडनीवर तुटून पडतील. आता पहारेकरी झोपले म्हटल्यावर चोराचं फावणारच."

परकी किडनी म्हणजे माझी. दोन वर्षांपूर्वी डावी त्याला दिली, उजवी मला ठेवली. तेव्हापासून त्याने पाणी कमी प्यायलं की मी माझंच काहीतरी वाया जात असल्यासारखी ओरडते. ओरडणं माझ्या अंगवळणी पडलं आहे. मी गाडी चालवायला शिकवते. शेजारी बसायचं, दुसऱ्याची चूक झाली की आपल्या पायाखालचा ब्रेक दाबायचा, हा माझा धंदा. पगार ब्रेक दाबण्याचा मिळतो, ओरडणं मी हौसेने करते.

नवराही माझ्याकडे शिकायला आला होता. तीनदा परीक्षेत नापास झाला, चौथ्यांदा पास झाला आणि त्याच संध्याकाळी त्याने मला मागणी घातली. तोवर मला "मॅडम" म्हणायचा. लग्नानंतर "तू" वर आला, पण हातून काही चुकलं की अजून त्याच्या तोंडून "मॅडम" निघतं. घरात "मॅडम" ऐकू आलं की मी आधी विचारते, "काय फोडलंस?"

तो कवळ्या बनवतो. दातांच्या दवाखान्यामागे त्याची लांबट खोली आहे; आत प्लास्टरचे जबडे, गुलाबी मेण, स्पिरिटचा दिवा, आणि छटेप्रमाणे पट्ट्यांवर लावून ठेवलेले दात. हात इतका सफाईचा की लोक लांबून त्याचं नाव सांगत येतात. अकरा वर्षांपूर्वी हिरड्यांच्या आजाराने त्याचे स्वतःचे दात एकेक करून हलायला लागले. एक दिवस सकाळी नेहमीसारखा कामावर गेला, उरलेले सगळे काढून घेतले आणि स्वतः बनवलेली कवळी लावून संध्याकाळी घरी आला. पुढचा एक दात मूळचा वाकडा होता, तो कवळीतही तसाच वाकडा बसवलेला. मला दोन दिवस पत्ता नव्हता. तिसऱ्या दिवशी त्यानेच सांगितलं, आणि मी कौतुकाने त्याच्या पाठीवर थाप मारली. तेव्हा जरा आणखी चौकशी करायला हवी होती.

तर बुरशी. सुरुवात झाली ती "घशात काहीतरी अडकलंय" इथून. मग जिभेवर आणि टाळ्यामागे पांढरे ठिपके दिसायला लागले, दह्याचे कण चिकटल्यासारखे. मग गिळताना छातीच्या हाडामागे दुखायला लागलं. गरम सूप सहन होईना, ब्रेड उतरेना. किडनीच्या गोळ्या गिळताना तर तो डोळे मिटून घ्यायचा. दुर्बीण घालून पाहिली, तर अन्ननलिकेत खालपर्यंत तेच पांढरे चट्टे. बुरशीच्या गोळ्या तीन आठवडे दिल्या. उतारा पडला. गोळ्या संपल्या आणि महिन्याभरात पुन्हा ठिपके हजर. पुन्हा गोळ्या, पुन्हा उतारा, पुन्हा ठिपके.

तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी मला बाहेर बसायला सांगितलं. म्हणजे सांगितलं नवऱ्यानेच. तपासायला कवळी काढायची असली की तो माझ्याकडे न बघता म्हणायचा, "तू जरा बाहेर बस ना." मी बसायची. माणसाची एखादी लाज असते, ती सांभाळावी, एवढं शहाणपण मला आहे.

थोड्या वेळाने त्यांनी मला आत बोलावलं. नवरा रुमालाने तोंड पुसत होता, दात जागेवर.

"यांचा टाळा लाल झालाय," डॉक्टर म्हणाल्या. "बरोबर कवळीच्या आकारात. रात्री कवळी काढतात का हे?"

"काढतो," नवरा म्हणाला.

"रोज?"

"हिलाच विचारा."

आणि मी छाती पुढे काढून साक्ष दिली. "रोज काढतात. रात्री न्हाणीघरातल्या डबीत असते, पाण्यात. मी स्वतः बघते."

डॉक्टरांनी मान हलवली आणि कागद पुढे ओढला. रक्तातलं क्रिएटिनिन, जे वाढलं की किडनी थकत चालली असं समजायचं, ते एक पूर्णांक एकवरून एक पूर्णांक चारवर, आणि आता एक पूर्णांक सातवर गेलं होतं. बुरशीच्या गोळ्या चालू केल्या की किडनीच्या गोळीचा रक्तातला अंमल वाढतो, म्हणून ती कमी करायची. बंद केल्या की पुन्हा वाढवायची. क्लच सोडायला न जमणारा शिकाऊ गाडीला हिसके देतो, तसे हिसके माझ्या डाव्या किडनीला बसत होते.

"पुन्हा उलटलं तर पहारेकऱ्यांना थोडं जागं करावं लागेल," त्या म्हणाल्या. "किडनीच्या गोळ्या कमी कराव्या लागतील. मग शरीर किडनी ठेवेल की नाकारेल, हे मी आज सांगू शकत नाही."

घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात उभी राहून थोडी रडले. दिलेली वस्तू परत मागू नये म्हणतात. मी परत मागतच नव्हते, ती त्याच्यापाशी राहावी एवढंच मला हवं होतं.

आता त्या डबीबद्दल. निळी, झाकणाची, न्हाणीघरातल्या फळीवर अकरा वर्षं ठेवलेली. रात्री दात घासायला गेलं की झाकणाखाली पाण्यात कवळी दिसायची. नवरा माझ्या आधी अंथरुणात, भिंतीकडे तोंड, चादर नाकापर्यंत. आणि मुका. पूर्वी झोपताना इतका बोलायचा की मी उशी कानावर घ्यायची. कवळी आली आणि रात्रीचं बोलणं गेलं. मी समजून घेतलं; बोळक्या तोंडाने बोलायला संकोच वाटत असेल. सकाळी पाचला माझी पहिली शिकवणी असते, मी निघायची तेव्हा तो झोपलेला. परत यायची तेव्हा डबी धुऊन उपडी घातलेली आणि हा दात लावून कामावर गेलेला.

तर तिसऱ्या खेपेच्या गोळ्या चालू असतानाच एके दिवशी सकाळी त्याला तपासणीसाठी रक्त देऊन परस्पर कामावर जायचं होतं, त्यामुळे तो घाईत बाहेर पडला. मी दहाच्या सुमाराला घरी आले. हात धुवायला न्हाणीघरात गेले, तर डबी सरळ, झाकण लावलेलं. उघडून पाहिलं. आत कवळी, वरची आणि खालची, पाण्यात शांत पडलेली.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. बिचारा दात न लावताच गेला! अकरा वर्षं ज्याने मला बोळकं दाखवलं नाही, तो आज सगळ्या दवाखान्यासमोर तसाच उभा असेल. फोन करावा, तर बोलणार कसा? मी अकराची शिकवणी रद्द केली, डबी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधली, पर्समध्ये उभी ठेवली आणि गाडी काढली. प्रत्येक सिग्नलला पर्सवर हात ठेवत होते, पाणी सांडू नये म्हणून. त्याच्या खोलीच्या मागच्या दाराने जायचं, त्याला कोपऱ्यात बोलावायचं, कुणाला कळू न देता डबी हातात द्यायची, असं सगळं मनात ठरवलं होतं. इतकी माया मला त्याची क्वचितच आली असेल.

मागच्या दारातून आत डोकावले, तर पॉलिश करणाऱ्या बाईंनी यंत्र थांबवलं. "वहिनी! आज इकडे कुठे?"

नवऱ्याने मान वळवली. हातात प्लास्टरचा जबडा, तोंडावर हसू. कुठल्याशा विनोदावर दोघं हसत असावीत. त्या हसण्यात सगळे दात होते. वाकडासुद्धा.

मी पर्समधून पिशवी काढली, पिशवीतून डबी काढली, झाकण उघडलं आणि त्याच्या मेजावर ठेवली. दातखीळ बसणं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी बत्तीस दात तोंडात असलेल्या माणसाच्या बाबतीत पाहिलं.

पॉलिशवाल्या बाई डबीत वाकून म्हणाल्या, "अय्या, ही तर सरांचीच! दोन-दोन कशाला?"

"हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे असतात," मी म्हणाले. "आमच्याकडे हत्ती आहे."

"मॅडम," नवरा म्हणाला.

"गाडीत बस."

मेजाच्या कडेला त्याच्या छापील चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता, प्रत्येक नव्या कवळीबरोबर तो देतो तो. पहिलीच सूचना ठळक अक्षरांत: रात्री झोपताना कवळी काढून पाण्यात ठेवावी. लोकांना सांगायला हा, छापून घ्यायलाही हाच. मी एक चिठ्ठी उचलून पर्समध्ये टाकली.

गाडी मी चालवत होते, त्यामुळे तो माझ्या नेहमीच्या जागेवर होता. मी ओरडायला सुरुवात केली ती दवाखान्याच्या फाटकातूनच. "अकरा वर्षं! तोंडात एक आणि डबीत एक! खास मला फसवायला बनवलीस?"

"मुद्दाम नाही बनवली. छटा चुकली होती म्हणून बाजूला पडली होती."

"छटा! मी त्या डॉक्टरांसमोर शपथेवर सांगितलं. माझ्या साक्षीवर त्या गोळ्या बदलत बसल्या. रात्रभर ते घाण प्लास्टिक टाळ्याला चिकटवून झोपायचास आणि त्याच्याखाली ती बुरशी आरामात वाढायची. गोळ्यांनी मेली की कवळीतून परत यायची. तुला कळत नव्हतं? तुझा धंदा आहे हा! माझ्या पोटातला अवयव काढून तुझ्या पोटात बसवलाय, टाके मोजलेस तू माझे. आणि तुला तुझ्या हिरड्या मला दाखवायची लाज?"

अचानक गाडी थांबली. मी नव्हती थांबवली. त्याच्या पायाखाली शिकवणीचा दुसरा ब्रेक होता. मागून हॉर्न वाजायला लागले. मी गाडी कडेला घेतली.

तो समोर बघत बोलायला लागला. "तीस वर्षं मी हेच बघतोय. कवळी बसवून बघायला लोक जोडीने येतात. मी म्हणतो, जुनी काढा. तो काढतो. गाल आत जातात, ओठ आत जातात, हनुवटी नाकाला टेकायला येते. सगळे त्याच्याकडे बघतात. मी शेजारच्या खुर्चीकडे बघतो. बायकोकडे, नाहीतर नवऱ्याकडे. एक क्षण असतो. फक्त एकच. मग ती माणसं सावरतात, चांगलंच बोलतात. पण तो क्षण मी पाहिलेला असतो." त्याने नाक पुसलं. "तुझ्या तोंडावर मला तो बघायचा नव्हता. रात्री तू कधी मध्येच दिवा लावशील, याचा नेम नाही. म्हणून काढतच नव्हतो."

"आणि किडनी गेली असती तर?"

"दर वेळी वाटायचं, या गोळ्यांनी बुरशी जाईल. आज रात्रीपासून काढू, उद्यापासून काढू." मग अगदी हळू म्हणाला, "घाबरलो होतो गं. दोन्हीकडून."

यावर काय ओरडणार? मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला आणि माझी साक्ष खोटी होती, असं सांगितलं. त्या पलीकडे हसत असाव्यात किंवा कपाळाला हात लावून बसल्या असाव्यात. मग हुकूम आला. जुनी कवळी टाकून द्या. टाळा पूर्ण बरा होईपर्यंत तोंडात काही घालायचं नाही, दिवसासुद्धा. बरा झाला की नवीन माप घ्या. गोळ्या पूर्ण तीन आठवडे, एकही न चुकवता.

घरी आल्यावर तो सवयीने न्हाणीघराकडे वळला.

"तिकडे नाही. इथे. माझ्यासमोर," मी म्हणाले.

दुपारचं ऊन पलंगावर पडलं होतं. तो काठावर बसला, मी समोर खुर्ची ओढली. त्याने आधी खालची काढली, मग वरची, आणि रुमालात ठेवली. आणि मग आरशाकडे नाही, जमिनीकडे नाही, त्याने थेट माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो एक क्षण शोधायला. तीस वर्षांची नजर ती, तिच्यापुढे नाटक चालणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी नाटक केलंही नाही. समोर जे दिसलं, ते बघून मी खुर्चीतल्या खुर्चीत उसळले आणि फिसकन हसले.

"काय?" त्याने विचारलं. तो शब्द वाऱ्यासारखा बाहेर आला.

"सासूबाई!"

अगदी सासूबाई. तीच आत गेलेली जिवणी, तीच पुढे आलेली हनुवटी, मी रस्त्यावर कुणावर ओरडून घरी आले की मला मिळायचा तोच चेहरा. त्या गेल्या तेव्हा वाटलं होतं, संपलं एकदाचं. आणि आता या वयात माझ्या पलंगावर! मी हसता हसता डोळे पुसायला लागले. तो आधी बघत राहिला, मग त्याचे खांदे हलायला लागले. हाताने तोंड झाकून हसत होता. मी उठून तो हात बाजूला केला.

पुढचे दिवस सोपे नव्हते. तो तोंडाला मास्क लावून कामावर जायचा आणि घरी आला की दाराशी काढायचा. मी सूप, उकडून कुस्करलेला बटाटा, भिजवलेला ब्रेड असं काहीबाही करायची. जेवताना तो माझ्याकडे पाठ करून बसला, तर त्याची खुर्ची फिरवायची. रात्री मात्र तो मी आडवी होण्याआधीच दिवा मालवून टाकायचा. मी तो पुन्हा लावला नाही. शिकाऊ माणसाला पहिल्याच आठवड्यात चौकात नेत नाहीत.

दोन आठवड्यांत गिळताना दुखणं थांबलं. तिसऱ्या आठवड्यात टाळा गुलाबी झाला आणि गोळ्या संपल्या. आता खरी परीक्षा होती. महिनाभर मी रोज सकाळी विजेरी घेऊन त्याच्या घशात डोकावायची. "आ कर." तो आ करायचा. ठिपके नव्हते. दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, विसाव्या दिवशीही नव्हते. शेवटी रक्ताचा कागद आला: एक पूर्णांक दोन. डॉक्टर म्हणाल्या, किडनी शाबूत आहे. मी त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट उगाचच हातात घट्ट धरून बसले होते, तो परत ठेवला.

त्याच संध्याकाळी त्याची नवी कवळी तयार झाली. वाकडा दात या वेळीही वाकडाच. त्याने ती घालून दाखवली, मी पाठीवर थाप मारली. जेवण झालं, आणि झोपायच्या वेळी त्याने ती माझ्यासमोर काढली, घासली, निळ्या डबीत पाण्यात ठेवली. मग पलंगावर येऊन बसला. आडवा होईना.

"एक सांगू का, मॅडम?"

"काय फोडलंस?"

"ऑपरेशनच्या आधी नर्सने कवळी काढून घेतली होती. तू तेव्हा शेजारच्या खोलीत बेशुद्ध होतीस." तो सावकाश, शब्द हिरड्यांवर टेकवत बोलत होता. "शुद्धीवर आलो. सगळ्यात आधी दात मागितले. ते लावले. आणि मग विचारलं, ती कशी आहे. दोन वर्षं झाली. तो क्रम माझ्या मनातून जात नाही."

मला लागलं. नाही लागलं, असं कशाला म्हणू? मी भिंतीकडे पाहिलं, चादरीची घडी सरळ केली. मग त्याच्याकडे वळले. गाल आत गेलेले, डोळे भरलेले, आणि या खेपेला ते माझ्या चेहऱ्यावर काही शोधत नव्हते. नुसते बघत होते.

"लगेच मिळाले तरी का दात?" मी विचारलं.

"कुठले! तासभर सापडत नव्हते."

"बरं झालं."

तो हसला, आणि मग त्याला कुणीतरी कुलूप काढून दिल्यासारखा बोलत सुटला. ती नर्स, त्या तासभरात त्याने तोंडावर ओढून घेतलेली चादर, माझ्या खोलीकडे जाणारा पांढऱ्या फरशीचा रस्ता, काय काय. निम्मे शब्द मला कळत नव्हते. घड्याळ बघितलं, पाचला उठायचं होतं. मी दिव्याच्या बटणाकडे हात नेला.

"राहू दे," तो म्हणाला.